फोटोतले साहेब आणि फोटोखालचे साहेब

नांदेड-लातूरच्या माणसाला प्रसारमाध्यमांकडून फार अपेक्षा नाहीत. आमची बातमी पहिल्या पानावर यावी असा हट्ट आम्ही कधी धरला नाही. ती आतल्या पानावर, मूळव्याधीच्या आणि सोयाबीन बियाण्याच्या जाहिरातींच्या मधोमध आली, तरी आम्ही ती कात्रीने कापून वहीत चिकटवतो. मागणी एवढीच आहे, की फोटोखाली ज्याचे नाव छापले आहे, तोच माणूस फोटोत असावा. ही मागणी अवास्तव असेल तर तसे कळवावे. उत्तराची वाट पाहण्याचा आम्हाला भरपूर सराव आहे.

माणसांच्या आधी गावाचे बघू. पुण्यात सिंहगड रस्त्याला नांदेड नावाचे एक गाव आहे आणि तिथे नांदेड सिटी नावाची मोठी वसाहत उभी राहिली आहे. आमची हरकत नाही. पण २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, किरकटवाडी आणि नांदेड गावच्या पाण्याच्या बातम्या झळकल्या, आणि गोदावरीकाठच्या नांदेडात नातेवाइकांचे फोन सुरू झाले. पाणी उकळून प्या, हातपाय बधिर झाले तर लगेच डॉक्टरकडे जा. आम्ही 'ते पुण्यातले नांदेड' असे सांगू लागलो की पलीकडून सहानुभूतीचा सूर यायचा, म्हणजे माणूस घाबरून काहीतरी लपवतो आहे. शेवटी आम्ही पाणी उकळून पिऊ लागलो. वाद घालण्यापेक्षा ते सोपे पडले.

वाहिन्यांचे आणखी सोपे आहे. नांदेडची कोणतीही बातमी असो, मागे सचखंड गुरुद्वारा दिसतो. पाणीपट्टी वाढली, गुरुद्वारा. दुचाकी चोरणारी टोळी पकडली, गुरुद्वारा. बाहेरगावच्या प्रेक्षकाने यातून चोरांबद्दल काय समज करून घ्यावा, हे वाहिनी त्याच्यावर सोपवते. लातूरला सचखंड गुरुद्वारा नाही म्हणून भेगाळलेली जमीन दाखवतात. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. देशभरचे कॅमेरे फलाटावर होते. त्या दिवसापासून लातूर तहानलेले आहे ते आहेच. बारावीच्या निकालात पोरांनी नाव काढले तरी पडद्यावर आधी तीच जमीन येते, मग तीच हंडा घेतलेली बाई येते, आणि कोपऱ्यात वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत 'संग्रहित' लिहिलेले असते. त्या बाईच्या घरी एव्हाना नळ आला असेल. पण तिला पडद्यावरून हंडा खाली ठेवायची परवानगी नाही.

आता माणसे. महाराष्ट्राला आजवर चार चव्हाण मुख्यमंत्री लाभले. यशवंतराव आणि पृथ्वीराज कराडचे, शंकरराव आणि अशोकराव नांदेडचे. नोव्हेंबर २०१० मध्ये अशोकराव गेले आणि पृथ्वीराज आले, तेव्हा दिल्लीच्या दृष्टीने फारसे काही घडलेच नाही. पाटीवरचे अर्धे नाव पुसून काम भागले. त्याआधीची पिढी तर आणखी सोयीची होती. यशवंतराव केंद्रात संरक्षणमंत्री झाले, गृहमंत्री झाले, अर्थमंत्री झाले. शंकररावही केंद्रात संरक्षणमंत्री, गृहमंत्री आणि अर्थमंत्री झाले. एक वाय. बी., दुसरे एस. बी. इंग्रजी वर्तमानपत्राच्या फोटोसंग्रहात 'केंद्रीय गृहमंत्री चव्हाण' एवढे शोधले की जो फोटो हाती लागेल तो लावायचा. एकाने प्रतिसरकारच्या सातारा जिल्ह्यातून राजकारण सुरू केले, दुसऱ्याने निजामी राजवटीविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातून. पण असल्या तपशिलांना फोटोखालच्या ओळीत जागा नसते. शंकररावांना राजकारणात 'हेडमास्तर' म्हणत. ते आज असते तर उपसंपादकाला बाकावर उभे केले असते, आणि त्याचाही फोटो यशवंतरावांच्या नावाने छापून आला असता.

अलीकडे परिस्थिती सुधारेल असे वाटले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी लोकसभेला नांदेडमधून काँग्रेसचे वसंतराव चव्हाण निवडून आले. हे नायगावचे, घराणे वेगळे. ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले आणि नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण खासदार झाले. इथवर लक्षात ठेवणे जमत होते. मग जुलै २०२५ मध्ये भाजपने नवे प्रदेशाध्यक्ष नेमले. त्यांचे नाव रवींद्र चव्हाण, राहणार डोंबिवली. आता 'रवींद्र चव्हाण यांची भाजपवर घणाघाती टीका' अशी बातमी आली, की संगणकाला विचारून फोटो लावणाऱ्याच्या हातून भाजपचा प्रदेशाध्यक्षच भाजपवर तुटून पडणार. बातमी खरी, नाव खरे, फोटोही खराच. फक्त तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

लातूरने या कामी नांदेडला एकटे पाडलेले नाही. चाकूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष होते आणि नंतर देशाचे गृहमंत्री. निलंग्याचे शिवाजीराव पाटील १९८५-८६ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री होते. एक शिवराज, एक शिवाजीराव, दोघेही पाटील, दोघेही लातूर जिल्ह्याचे. म्हणूनच एक चाकूरकर आणि एक निलंगेकर. महाराष्ट्रात गावाचे नाव मागे लावायची पद्धत अशा घोळापायीच टिकून आहे, पण दिल्लीला जाताना ते नाव बहुधा मनमाडलाच उतरते. आता लातूरचे खासदार डॉ. शिवाजी काळगे आहेत. ते व्यवसायाने नेत्रतज्ज्ञ आहेत, याची वृत्तसंपादकांनी नोंद घ्यावी.

माध्यमांना बारकाईने पाहता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १३ सप्टेंबर २००८ च्या संध्याकाळी दिल्लीत बॉम्बस्फोट झाले आणि गृहमंत्री शिवराज पाटलांनी त्या काही तासांत किती वेळा कपडे बदलले, हे वाहिन्यांनी मोजून सांगितले. रंगांसकट. म्हणजे नजर तीक्ष्ण आहे. ती कुठे रोखायची, एवढाच प्रश्न आहे.

चुकीच्या फोटोचा सर्वांत मोठा हंगाम म्हणजे निधनाची बातमी. लातूरला गंजगोलाईतल्या एका हॉटेलात सकाळी एक पेपर दहा जण वाचतात, त्यामुळे तिथे चूक लपत नाही. मागे एकदा अशीच एका ज्येष्ठ पुढाऱ्याच्या निधनाची बातमी होती. चौकटीत, काळ्या रेघेसकट.

"मामा, हे कोण हो?"

"साहेबांचं नाव हाय की खाली."

"खाली हाय, वरी न्हाई. वरी दुसराच दिसायलाय. अन् त्यो तर जित्ता हाय, काल बाजारात भेटला मला."

मामांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, पेपर लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि निकाल दिला, "मग आता दोघांच्याबी घरी जाऊन यावं लागंल."

दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, दिलगिरी आली. 'अनवधानाने अन्य व्यक्तीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले.' चूक चार कॉलम होती, दिलगिरी चार ओळींची. शिवाय दिलगिरीत फोटो नसतो. त्यामुळे ज्यांनी गेलेल्या माणसाला कधी पाहिले नव्हते, त्यांच्यासाठी काळ्या चौकटीतला तोच गृहस्थ कायमचा गेला. त्या गृहस्थाला पुढे महिनाभर लोक दचकून नमस्कार करत होते.

हा आमच्याच नशिबाचा भोग असता तर आम्ही तो पत्रिकेवर ढकलून मोकळे झालो असतो. पण जगात चौकशी केली तेव्हा भाऊबंद पुष्कळ निघाले. डिसेंबर २०१७ मध्ये शशी कपूर गेले. बीबीसीच्या रात्री दहाच्या बातम्यांत श्रद्धांजली वाहताना अमिताभ बच्चन आणि ऋषी कपूर दाखवले गेले. इकडे एका भारतीय इंग्रजी वाहिनीने शशी थरूर गेल्याचे जाहीर केले, आणि थरूरांच्या कार्यालयात सांत्वनाचे फोन येऊ लागले. बीबीसीच्या त्या बातम्यांच्या संपादकांनी माफी मागितली. जानेवारी २०२० मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट हेलिकॉप्टर अपघातात गेला. त्याच दहाच्या बातम्यांत लेब्रॉन जेम्स दाखवला गेला, आणि त्याच संपादकांनी पुन्हा माफी मागितली. माफीच्या बाबतीत मात्र माणूस बदलला नाही.

कृष्णवर्णीय नामवंतांचा तर याबाबत मोठा अनुभव आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वाहिनीवर निवेदकाने सॅम्युअल जॅक्सनला त्याच्या नव्या जाहिरातीबद्दल विचारले. जाहिरात लॉरेन्स फिशबर्नची होती. निवेदकाचे काम मनोरंजन क्षेत्राच्या बातम्या देण्याचेच होते, म्हणजे ही दोन माणसे वेगळी आहेत हे माहीत असण्याचाच त्याला पगार होता. जॅक्सनने त्याला थेट प्रक्षेपणात जो धुतला, तो आमच्याकडच्या कोणत्याही पुढाऱ्याने अभ्यासावा. ऑगस्ट २०१८ मध्ये गायिका अरीथा फ्रँकलिन गेल्या, तेव्हा फॉक्स न्यूजच्या श्रद्धांजलीत पॅटी लाबेल यांचा फोटो होता. त्या हयात होत्या.

या सगळ्यांवर कळस चढवला तो लंडनने. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटनच्या संसदेत मार्शा डि कॉर्डोव्हा या खासदार बोलत होत्या, आणि बीबीसीने पडद्यावर नाव लावले डॉन बटलर यांचे. दोघी कृष्णवर्णीय, दोघी मजूर पक्षाच्या. ही चूक किती वाईट आहे, याची बातमी 'इव्हनिंग स्टँडर्ड'ने दिली आणि त्या बातमीत फोटो लावला बेल रिबेरो-ॲडी यांचा. त्या तिसऱ्याच खासदार. ही बातमी देणाराही कोणी चुकला असेल तर चौथ्या बाईंनी तयार राहावे, असे त्या दिवशी अनेकांना वाटले असणार.

यावर संपादकांचे उत्तर जगभर एकच असते. घाई होती. बातमी आधी देण्याच्या गडबडीत राहून गेले. आम्ही हे उत्तर मान्य करायला तयार होतो, पण एक शंका आड आली. घाई सर्वांच्याच बातमीला असते, मग चुका ठरावीक माणसांच्याच वाट्याला का येतात? सचिन तेंडुलकरच्या नावाखाली राहुल द्रविड छापून आलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. ब्रिटनच्या राणीच्या निधनाच्या बातमीतही भलत्याच बाई दिसल्या नाहीत. तिथे घाई कमी होती असे नाही. तिथे चुकायची भीती होती. ज्याला ओळखले नाही तर काही बिघडत नाही असे मनात पक्के असते, त्याच्याच बाबतीत घाई होते. लंडनला ते काळ्या माणसाबद्दल वाटते, दिल्लीला मराठी माणसाबद्दल, आणि मुंबईला मराठवाड्याबद्दल.

इथे लेख संपवला असता तर आम्हाला बरे वाटले असते. अन्याय झालेला माणूस म्हणून नांदेड-लातूरला शोभूनही दिसले असते. पण आमच्या स्वतःच्या घरातला एक फोटो राहून गेला.

मराठवाड्याच्या इतिहासातला सर्वांत नामवंत कृष्णवर्णीय माणूस म्हणजे मलिक अंबर. जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात. लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. तिथे त्याने जमिनीखालून नहरी खेळवल्या. जमीनमहसुलाची घडी बसवली. गनिमी काव्याने मोगलांना वर्षानुवर्षे हैराण केले. लातूर जिल्ह्यातल्या औशाचा किल्ला त्याच्याकडे होता आणि गावाला त्याचे नावही दिले गेले होते. १६२६ मध्ये तो वयाच्या ऐंशीच्या आसपास आपल्या मरणाने गेला. कबर खुलताबादला आहे.

एवढ्या माणसाची आपल्या लेखांत, मालिकांत आणि किल्ल्यांच्या चित्रफितींत ओळख काय? 'हबशी गुलाम'. गुलामी तरुणपणीच सुटली, वजिरी पुढे पुष्कळ वर्षे चालली, पण पदवी गुलामीचीच टिकली. शिवाय चित्राचे काय? मलिक अंबरचे समकालीन चित्रकारांनी काढलेले चेहरे उपलब्ध आहेत, तरी त्याच्या नावाखाली कधी जंजिऱ्याचा सिद्दी येतो, कधी सिद्दी जौहर. जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला १६६० मध्ये, म्हणजे अंबर जाऊन चौतीस वर्षे झाल्यावर. उदगीरच्या किल्ल्यावर १६३६ मध्ये मोगल चालून आले, तेव्हा किल्लेदार होता सिद्दी मिफ्ताह. तो तर कोणाच्याच गणतीत नाही. त्याला चुकीचा फोटोसुद्धा मिळालेला नाही.

जहांगीर बादशहाने याबाबत निदान प्रामाणिकपणा दाखवला. अंबरला हरवता येईना, तेव्हा त्याने १६१६ च्या सुमारास अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतले. त्यात बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके धडावरच होते आणि पुढे दहा वर्षे तिथेच राहिले. ते चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. खाली 'प्रातिनिधिक छायाचित्र' लिहिले असते तर तक्रारीला जागाच उरली नसती.

उलट उदाहरणही उदगीरचेच आहे. १७६० मध्ये तिथे निजामाला हरवणारे सदाशिवरावभाऊ पुढच्याच वर्षी पानिपतात दिसेनासे झाले आणि काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणत एक जण उगवला. पुण्याच्या कारभाऱ्यांनी साक्षी घेतल्या, भाऊंना जवळून ओळखणारी माणसे समोर उभी केली, चौकशी वर्षानुवर्षे चालवली आणि १७७६ मध्ये तोतयाला देहदंड दिला. शिक्षेचे समर्थन करायचे नाही, उपसंपादकांनी घाबरू नये. सांगायचे इतकेच, की ना फोटो, ना फोन, ना इंटरनेट असतानाही चेहरा आणि नाव जुळवून पाहायची पद्धत या मुलखात होती.

आजची पद्धत सुटसुटीत आहे. अमली पदार्थ असोत की ऑनलाइन फसवणूक, आरोपी आफ्रिकी दिसला की आपल्या बातमीत तो 'नायजेरियन'. आफ्रिकेत चोपन्न देश आहेत, मराठी पत्रकारितेत एक. पारपत्रावर आयव्हरी कोस्ट असो की केनिया, मथळा ठरलेला. आरोपी नसलेल्या विद्यार्थ्यालाही तो लागू पडतो. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या खिडकी भागात मंत्रीमहोदयांनी रात्री छापा घातला, बातम्यांत 'नायजेरियन' गाजले, आणि बायका निघाल्या युगांडाच्या. ३१ जानेवारी २०१६ रोजी बंगळुरूमध्ये एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली एका महिलेचा जीव गेला. थोड्या वेळाने तिथे दुसरी मोटार आली. तिच्यात टांझानियाची एक विद्यार्थिनी होती. जमावाने तिला बाहेर ओढून मारले आणि मोटार जाळली. पहिल्या मोटारीशी तिचा संबंध नव्हता. ती फक्त तशी दिसत होती.

त्या जमावाने जी पद्धत वापरली, तीच फोटो लावणारा वापरतो. रंग जुळला, पुढे चला. एकाच्या हातात दगड असतो आणि दुसऱ्याच्या हातात माउस, म्हणून एकाला दंगल म्हणतात आणि दुसऱ्याला अनवधान.

तेव्हा नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील समस्त वाचकांच्या वतीने पुढील निवेदन सादर आहे. गुरुद्वारा फक्त गुरुद्वाऱ्याच्या बातमीत दाखवावा. हंडेवाल्या बाईंना सन्मानाने सेवामुक्त करावे. आरोपीचा देश त्याच्या पारपत्रावरून लिहावा, कातडीवरून नव्हे. मलिक अंबरला वजीर म्हणावे. निधनाच्या बातमीत चूक झाली तर दिलगिरी चुकीएवढ्याच आकाराची, त्याच पानावर आणि खऱ्या माणसाच्या फोटोसह छापावी. आणि कोणाचाही फोटो लावण्याआधी त्याच्या गावातल्या, त्याच्या भाषेतल्या, त्याला ओळखणाऱ्या एका माणसाला फोन करून विचारावे.

फोन करायला वेळ नसतो, ही सबब यापुढे ऐकली जाणार नाही. आमच्याकडे रेंज आहे.